आईच्या दुकानावरची नोटीस

"फाडू नकोस!"

आई ओरडली खरी, पण उशीर झाला होता. शटरवर चिकटवलेल्या नोटिशीचा एक कोपरा ठिणगीच्या मुठीत आला होता. बाकीचा कागद मात्र डिंकाने असा घट्ट बसला होता, की येणाऱ्या-जाणाऱ्याला शब्दन्‌शब्द वाचता यावा!

'सायकल दुरुस्तीवाल्या बाई गिऱ्हाईक मिळावं म्हणून रस्त्यावर खिळे टाकतात, अशी तक्रार आहे. शनिवारपर्यंत मंडळाचा गाळा रिकामा करावा. अध्यक्ष, व्यापारी मंडळ.'

खाली सात सह्या. आणि आज होता बुधवार!

"खिळे? तू खिळे टाकतेस?" ठिणगीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आत्ताच्या आत्ता जाते आणि त्या अध्यक्षांना..."

"कुठे जायचं नाही. आधी शटर वर कर. नर्सबाईंची सायकल बारा वाजता द्यायची आहे." आईचा आवाज शांत होता. पण नोटिशीकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

शाळेच्या दाखल्यावर ठिणगीचं नाव वेगळं होतं. हे नाव इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात पडलं. बेकरीवाल्यांचा मुलगा दुकानासमोर उभा राहून हसत म्हणाला होता, "अय्या, बायका पंक्चर काढतात?" त्यावर या नव्या मुलीने त्याला भर रस्त्यात असं काही झापलं, की तो चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "बाप रे! ही तर ठिणगी आहे!" त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. त्याचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याची धाकटी बहीण चालताना सतत जमिनीकडे बघे, म्हणून ती मुंगी.

चार महिन्यांपूर्वी बाबांची बदली इथल्या रुग्णालयात झाली. जुन्या गावातलं अकरा वर्षांचं दुकान बंद करून आई हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन इथे आली. पहिल्या महिन्यात दुकानात दोनच माणसं फिरकली. त्यातलं एक तर पत्ता विचारायला! मग एका नर्सबाईंनी ब्रेक दुरुस्त करून घेतला. त्यांनी दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. आता सकाळी दुकानापुढे वीस-वीस सायकली लागत. रविवारी चार बायका आईकडे चाक उघडायला शिकायला येत. काम झालं की पाचही जणी पायरीवर बसून मोठमोठ्याने हसत. आईला इतकं हसताना ठिणगीने जुन्या गावातही पाहिलं नव्हतं.

आणि आता ही नोटीस!

संध्याकाळी बाबा म्हणाले, "जाऊ दे गं. वादात कशाला पडायचं? दुसरीकडे जागा बघू."

"दुसरीकडे?" आईने ताट बाजूला सारलं. "मी काय चोरी केलीय? आज इथून गेले, तर उद्या प्रत्येक गावात लोक म्हणतील, हीच ती खिळे टाकणारी! मी जाणार नाही!"

ठिणगीला मनातून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

गुरुवारी सकाळी भोंगा आला तो पाय आपटतच. "सात सह्यांमधली तिसरी आमच्या बाबांची आहे! पाववाटपाची सायकल चारदा पंक्चर झाली म्हणे. मी आज घरी जेवणारच नाहीये!"

"आत्ताच दोनदा खाऊन आलायस," मुंगी म्हणाली.

"तो नाश्ता होता!"

ठिणगीला हसू आलं नाही. तिने फळीवरची काचेची बरणी खाली काढली. टायरमध्ये जे रुतलेलं सापडेल ते गिऱ्हाईकाच्या तळहातावर ठेवायचं, हा आईचा जुना नियम. म्हणजे कोणी फसवल्याचा संशय घेऊ नये. गिऱ्हाईकाने ते नेलं नाही, तर ते बरणीत जाई. ठिणगीने बरणी वर्तमानपत्रावर उपडी केली.

मुंगी गुडघ्यांवर ओणवी झाली. "यात खिळे कुठे आहेत? दोनच तर आहेत. बाकी सगळ्या तारा."

खरंच की! बोटाच्या पेराएवढे पोलादी तारेचे तुकडे. कडक, किंचित चपटे आणि एका टोकाला तिरके झिजलेले. सगळे एकाच जातीचे!

"आई, हे कधीपासून यायला लागले?"

आईने हात पुसले आणि विचार केला. "तीन आठवडे झाले असतील. आणि एक सांगू? हे सगळे मोठ्या रस्त्याने येणारे. मागच्या गल्लीतून येणाऱ्यांना काही होत नाही."

झालं! भोंग्याने घरातल्या मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं. त्याला दोरी बांधून तिघं निघाली. मागच्या गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही तार नाही. मोठ्या रस्त्यावर मात्र शंभर पावलांत अकरा!

"दोन्ही रस्त्यांवर माणसं तीच, सायकली त्याच," ठिणगी चिडून म्हणाली. "मग फरक कशात आहे?"

तेवढ्यात घर्र घर्र आवाज आला. रस्ता झाडणारं पिवळं यंत्र मोठ्या रस्त्यावरून येत होतं आणि त्याच्यापुढे, जणू वरात घेऊन निघाल्यासारखे, अध्यक्ष चालत होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच फीत कापून हे यंत्र सुरू केलं होतं. खिळ्यांची तक्रार आल्यापासून तर ते दिवसातून दोनदा फिरायचं.

"हे धूड मागच्या गल्लीत शिरतच नाही," भोंगा म्हणाला.

मुंगी मात्र यंत्राच्या खाली बघत होती. गोल फिरणारा तारांचा ब्रश, आणि तो अर्धाअधिक टकला!

"दादा," ती हळूच म्हणाली, "या ब्रशचे केस कुठे गेले?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी तिघं धावत सुटली.

"अध्यक्षकाका! थांबा! त्या तारा तुमच्या यंत्रातून पडतायत!"

अध्यक्ष थांबले. ठिणगीच्या तळहातावरच्या तारांकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. "पाच महिने खेटे घालून मी हे यंत्र आणलंय. ते कचरा उचलतं, टाकत नाही! तुझ्या आईने पढवून पाठवलंय वाटतं? चार दिवसांची नवी माणसं तुम्ही, आम्हाला शिकवताय?"

ठिणगीने ओरडायला तोंड उघडलं. भोंग्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं, म्हणून बरं!

दुकानात येऊन तिने पंपालाच लाथ मारली. "खोटं आम्ही नाही, ते बोलतात! आणि तरी निघून आम्हीच जायचं?"

"पंपाने काय केलंय तुझं?" आईने पंप उभा केला. "मलाही राग येतोय, पोटातून येतोय. पण गंजलेला नट नुसत्या जोराने फिरवला तर काय होतं?"

"तुटतो."

"मग काय करायचं?"

"आधी तेल सोडायचं," ठिणगी पुटपुटली. आणि मग तिचे डोळे चमकले. "तेल! भोंग्या, अध्यक्षांना तेल सोडायचं!"

शनिवारी सकाळी नऊ वाजता तिन्ही मुलं तीन लोहचुंबकं घेऊन अध्यक्षांच्या दारात उभी राहिली. ठिणगीने एवढा गोड आवाज काढला, की तिचा तिलाच राग आला. "काका, आमचं चुकलं. आम्ही रस्त्यावरचे सगळे खिळे वेचून देतो. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर तपासा."

"शाबास! याला म्हणतात संस्कार!" अध्यक्ष खूश झाले. त्यांनी स्वतःच दुकानदारांना बोलावलं. बेकरीपासून सायकलच्या दुकानापर्यंतचा रस्ता मुलांनी तीनदा विंचरला. मग अध्यक्षांनी लोहचुंबक आपल्या हातात घेतलं आणि सगळ्यांच्या देखत हिंडवलं. काही चिकटलं नाही.

"बघा! आता या रस्त्यावर टाचणीसुद्धा सापडायची नाही!"

"नक्की ना, काका?"

"मी सांगतोय ना! लिहून घे हवं तर!"

आई बंद शटरपुढे स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सगळ्यांच्या नजरेसमोर.

"कोणीऽऽ रस्त्यावर पाय ठेवायचा नाहीऽऽ!" भोंग्याने आरोळी ठोकली. बेकरीतल्या काचा हादरल्या असतील! दहाच्या ठोक्याला नेहमीप्रमाणे यंत्र आलं. घर्र घर्र करत पुढून गेलं. रस्ता कसा लख्ख दिसत होता!

ठिणगीने दोरी बेकरीवाल्या काकांच्या हातात दिली. "तुमची सही आहे ना नोटिशीवर? मग आता तुम्हीच फिरवा."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दोरी ओढली. टिक. मग पुन्हा टिक, टिक. ते शेवटापर्यंत गेले आणि लोहचुंबक उलटं करून बघतच राहिले. त्यावर साळिंदरासारखे काटे उभे राहिले होते! मुंगीने मोजले. सदतीस!

"हे... हे आधीचेच असणार!" अध्यक्ष म्हणाले.

"टाचणीसुद्धा सापडायची नाही, असं कोण म्हणालं?" भोंग्याने विचारलं, आणि ते सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. लोक हसले.

यंत्रचालक खाली उतरला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "साहेब, मी तीनदा सांगितलं होतं, ब्रश बदलायला झालाय. तुम्ही म्हणालात, आणखी दाबून चालव, रस्ता चकाकला पाहिजे. जेवढं दाबतो तेवढी तार तुटते. तक्रार आल्यापासून तर दोनदा फिरवतोय."

आता कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला. "ठीक आहे, ठीक आहे. लहानशी चूक झाली. पण पोरगी हुशार हं! शाबास! अशी मुलं गावाला हवीत!" त्यांनी ठिणगीची पाठ थोपटायला हात पुढे केला.

ती मागे सरकली.

"बुधवारी नको होतो आम्ही! गुरुवारी आम्ही चार दिवसांची नवी माणसं होतो!" तिने शटरवरच्या नोटिशीकडे बोट केलं. "तुम्ही एकदा तरी विचारलंत आईला? ती बरणी मागितलीत बघायला? तिने या गावातल्या किती सायकली चालत्या केल्या, ते कोणी मोजलं? शाबासकी मला नको. माफी मागा. तिची!"

आई स्टुलावरून उठली. ती ओरडली नाही, पण तिचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. "नोटीस सगळ्यांना दिसेल अशी लावलीत. आता सगळ्यांना दिसेल अशी काढा. तुमच्या हाताने."

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी मदतीला येईना. मग ते शटरपाशी गेले आणि नखांनी कागद खरवडू लागले. डिंक चांगलाच घट्ट होता. शेवटचा कपटा निघेपर्यंत त्यांना घाम फुटला. "चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "न बघता आळ घेतला. गाळा तुमचाच आहे. आणि नवा ब्रश बसेपर्यंत यंत्र फिरणार नाही."

"माझंही चुकलं," बेकरीवाले काका म्हणाले. त्यांनी भोंग्याच्या आणि मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला, मग ठिणगीकडे पाहिलं. "आम्ही सात मोठी माणसं सह्या करून मोकळी झालो. शोधलं मात्र तुम्ही तिघांनी."

यंत्रचालकाने टाळी वाजवली आणि मग सगळा रस्ताच टाळ्या वाजवू लागला.

आईने शटर वर ढकललं. दहा मिनिटांत दुकानापुढे बावीस सायकली लागल्या. सगळ्यात पुढे होती पाववाटपाची, दोन्ही चाकं बसलेली.

"बाई, जरा लवकर झालं तर..." बेकरीवाले काका चाचरत म्हणाले.

"रांगेत उभे राहा," आई म्हणाली. तिने सायकल उलटी केली आणि पाना हातात घेतला. "आज कोणी घाई करायची नाही. माझा राग अजून गेलेला नाही. पण काळजी करू नका, रागात माझा हात जास्त नीट चालतो!"

मग तिने मान न वळवता हाक मारली, "ठिणगे, पाण्याचं घमेलं आण. आणि तुम्ही दोघं काय बघताय? बाह्या वर करा!"