थांबाबाई

“थांबा! आत येऊ नका!”

तो आलाच. नुसता आला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्यानं ग्रीसनं माखलेला अंगठा सरळ सर्वांत वरच्या मजल्याच्या बटणावर टेकवला.

लिफ्ट हलली नाही. ती चावीनं बंद करून ठेवली होती. दारं सताड उघडी, समोर पिवळी पाटी, आणि आत गुडघ्यांवर बसलेली एक मुलगी... हातात मोजे, कपाळावर सुटलेली बट, आणि नजर अशी की तो आपोआप एक पाऊल मागे सरकला.

“ही पाटी काय शोभेला ठेवलीय?”

“मला वाटलं, फरशी ओली आहे. म्हणून जपून पाऊल टाकलं.”

“आणि अंगठा? तोही जपूनच टाकलात?”

त्यानं बटणाकडे पाहिलं. काळाकुट्ट ठसा उमटला होता. “देतो ना पुसून,” म्हणत त्यानं खिशातून चिंधी काढली. चिंधी अंगठ्याहून काळी होती.

“खबरदार!”

तो हसला. तिला आणखीच राग आला, कारण हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती आणि ती आपल्याला दिसली, याचाही तिला राग आला.

“मी लिफ्टचा मेकॅनिक,” तो म्हणाला. “वर मशीनच्या खोलीत जायचंय.”

“मग जिन्यानं जा. तुमची लिफ्ट बंद पडते तेव्हा लोक जिन्यानंच जातात.”

“अहो, पण सगळं पुसून झालंय की. नुसतं ओलं आहे.”

“ओलं आहे म्हणूनच थांबा म्हटलं!”

आता तिचं हे ‘थांबा’ नीट समजून घ्यायला हवं. लिफ्ट स्वच्छ करताना आधी साबणाच्या पाण्यानं धूळ नि डाग काढायचे. मग जंतू मारायचं औषध फडक्यावर घ्यायचं. थेट बटणांवर मारायचं नाही, कारण फटीतून आत गेलं की बटणं बिघडतात. त्या फडक्यानं बटणं, कठडा, दाराच्या कडा, जिथे जिथे माणसाचा हात लागतो ते सगळं ओलं करायचं. आणि मग? मग काहीच करायचं नाही. थांबायचं. औषधाला काम करायला दहा मिनिटं तरी लागतात. लगेच पुसलं तर लिफ्ट चकचकीत दिसते, जंतू मात्र सुखात नांदतात. या कामातली खरी मेहनत त्या थांबण्यात आहे, आणि नेमकी तीच लोकांना दिसत नाही. त्यांना एक रिकामी लिफ्ट आणि तिच्यात स्वस्थ बसलेली एक बाई दिसते.

हा धंदा तिनं आणि तिच्या मावशीनं मिळून सुरू केला होता. मोठ्या साथीनंतर लोक लिफ्टचं बटण दाबायला बिचकू लागले, तेव्हा मावशी म्हणाली, “ज्याला सगळे भितात ते आपण पुसू.” एक टेम्पो, दोन बादल्या आणि मावशीची जीभ, एवढ्या भांडवलावर आता कितीतरी कचेऱ्यांच्या इमारती त्यांच्याकडे होत्या. अर्थात, धंदा वाढला तशी त्यात वाटेल ती मंडळीही शिरली. सुगंधी बाटली घ्यायची, दोन फवारे मारायचे, ‘निर्जंतुक’ असा गोल कागद चिकटवायचा की चालले! असा कागद दिसला की तिचं डोकं फिरायचं.

ही चार लिफ्टची उंच इमारत तिनं स्वतः जाऊन, बोलून मिळवलेली होती. पहिली स्वतःची. इथे नाव राहिलं तर शेजारच्या इमारतींची दारं उघडणार होती, आणि गेलं तर... मॅनेजर लोक एकमेकांशी फार बोलतात.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. बाहेर पाऊस होता, त्याच्या छत्रीतून पाणी गळत होतं. पाटीच्या अलीकडे शिस्तीत उभा राहून त्यानं हाक मारली, “थांबाबाई, येऊ का?”

“काय म्हणालात?”

“पहारेकरीसुद्धा हेच म्हणतात. मी नुसतं नाव उचललं.”

“छत्री खाली ठेवा. आणि थांबा.”

“बघा! उगाच नाही नाव पडलं.”

तो थांबला. लिफ्ट सुरू झाल्यावर त्यानं बटण चक्क कोपरानं दाबलं आणि दारं मिटता मिटता तिच्याकडे असं पाहिलं, जणू पदकच मिळायला हवं. तिनं तोंड वळवलं. वळवल्यावर ती हसली, हे समोरच्या भिंतीवरच्या आरशात त्याला दिसलंच.

मग तिचा वार तो त्याचा वार झाला. दर खेपेला तो पाटीच्या अलीकडे उभा राहून काहीतरी विचारायचा. दाराच्या खोबणीत काय काय सापडतं? (केसांच्या पिना, कुणाच्या तरी कोटाचं बटण, एकदा दात. “दात?” “खोटा. मालक आलाच नाही मागायला.” “कुठल्या तोंडानं येणार?”) एकदा तो म्हणाला, “तुमच्या औषधाला वासच नाही हो.”

“नसतोच. स्वच्छतेला वास नसतो. काहीतरी झाकायचं असलं की वास लागतो.”

“मग हा कसला येतोय? लिंबासारखा...”

“माझ्या केसांचा साबण,” ती म्हणाली आणि एकदम सावरली. “तुम्ही पाटीच्या पुढे आलात! मागे व्हा!”

तो मागे झाला. पण फार नाही.

आणि मग मॅनेजरसाहेबांनी चारही लिफ्टमध्ये सुगंधाचे डबे बसवले. बटणांच्या अगदी वर, भिंतीला. थोड्या थोड्या वेळानं डबा ‘फुस्स’ करी आणि लिफ्टभर गुलाबाचा उग्र दर्प पसरे. डबे साहेबांच्या मेहुण्याच्या दुकानातले होते.

“लोकांना स्वच्छता जाणवली पाहिजे,” साहेब म्हणाले. “तुमच्या कामानंतर काहीच जाणवत नाही. शिवाय तुम्ही लिफ्ट अडवून बसता. दोन मिनिटांत उरका की.”

“दोन मिनिटांत काही मरत नाही, साहेब.”

“कुणाला काय कळतंय?”

हे वाक्य तिला आठवडाभर टोचत राहिलं. कुणाला काय कळतंय! म्हणजे कळत नसेल तिथे फसवायला हरकत नाही?

पुढच्या खेपेला तिला लिफ्टची किल्लीच मिळाली नाही. पहारेकरी ओशाळून म्हणाला, “ताई, वरून हुकूम आहे.” एका लिफ्टची बटणं आदल्या दिवशी मेली होती, आणि साहेबांनी इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपवर सगळ्या कचेऱ्यांना कळवून टाकलं होतं : सफाईच्या मुलीनं पाणी घालून बटणं घालवली. दुसरी माणसं बघतो आहोत.

ती सरळ साहेबांच्या खोलीत शिरली. “कुणी सांगितलं?”

“तुमच्या त्या मेकॅनिकनंच सांगितलं. मी फोन केला होता त्याला.”

तिच्या कानशिलांत गरम वाफ भरली. ती बाहेर आली तेव्हा तो हत्यारांची पिशवी घेऊन मेलेल्या लिफ्टपुढे उभा होता. तिला पाहून हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

“तुम्ही म्हणालात, मी पाणी घातलं?”

“मी... साहेबांनी विचारलं, बटणं का जातात. मी म्हटलं, सफाईवाले पाणी घालतात, त्यानं जातात.”

“आत उघडून पाहिलं होतंत?”

“नाही. आमच्यात पहिलं तेच म्हणतात. बटण गेलं की तोंडात तेच येतं. सवयच ती.”

“सवय! आणि या इमारतीतली सफाईवाली कोण, तेही सवयीनं विसरलात?”

त्यानं पिशवी खाली ठेवली.

“परक्यानं म्हटलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण तुम्ही... इथे उभं राहून पाहिलंय तुम्ही! औषध फडक्यावर घेताना पाहिलंय. आठवड्यामागून आठवडे! मग काय पाहत होतात इथे?”

“तुम्हाला,” तो अगदी हळू म्हणाला.

“गोड बोलू नका. पॅनेल उघडा. आत्ता. माझ्यासमोर.”

आवाज ऐकून साहेबही आले. त्यानं स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला. आत, बटणांच्या पाठीमागे, पिवळट चिकट थर साचला होता. त्यानं बोट लावलं, हुंगलं, आणि मान वर केली. त्याच क्षणी डब्यानं ‘फुस्स’ केलं. एक थेंब भिंतीवरून ओघळला, पॅनेलच्या वरच्या फटीशी आला आणि आत गेला.

गुलाबाचा दर्प सुटला.

“हे बघा,” साहेब त्याला बाजूला घेत म्हणाले, पण तिला सगळं ऐकू येत होतं, “कशाला खोलात शिरता? पाण्यामुळेच गेलं म्हणा. नाहीतर तुमच्या कंपनीला सांगून मला दुसरा माणूस मागवावा लागेल.”

“मागवा,” तो म्हणाला. “तोही हेच पॅनेल उघडेल. काल मी न पाहता बोललो, साहेब. आज पाहिलंय. यांच्या औषधाला वास नाही आणि त्याचा थरही बसत नाही. हे तुमच्या डब्यातलं आहे. चूक माझी, आणि हे मी त्या ग्रुपवर लिहिणार. तुम्हीही लिहा.”

साहेब खाकरले. “बरं बरं. गैरसमज झाला.”

“झाला नाही, साहेब,” ती म्हणाली. “केलात. मला न विचारता, चारही लिफ्टच्या लोकांना सांगून केलात. तेव्हा आता त्यांनाच सांगून निस्तरा. डबे काढा. आणि लिफ्ट पूर्ण दहा मिनिटं अडवीन, ते चालत असेल तर किल्ली द्या.”

खालच्या मजल्यावरच्या दोन कचेऱ्यांतले लोक एव्हाना गोळा झाले होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली.

तो पिशवी आवरत होता. “मग... माझं काय? माफ?”

“लगेच?” ती कडाडली. “लगेच पुसलं तर काय होतं, सांगितलंय ना मी?”

“वरून चकचकीत दिसतं.”

“मग थांबा.”

टेम्पोत मावशीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. “रडतेस का गं?”

“रडत नाही. संतापलेय.”

“मग जेवणाचा डबा उघड. संतापाला भूक लागते.” आणि वळण घेताना, जणू सहज, “औषधाला दहा मिनिटं लागतात म्हणे. या डागाला किती?”

“मावशी, पुढे बघून चालव.”

पुढच्या खेपेला तो पाटीच्या अलीकडे उभा होता. तिनं पाहिलं नाही असं केलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही होता. काही विचारत नव्हता, नुसता उभा. तिसऱ्या वेळी वरच्या मशीनच्या खोलीतून एक अनोळखी माणूस पिशवी घेऊन उतरला.

“हे कोण?” तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

“नवीन मेकॅनिक. साहेबांनी त्याच दिवशी माणूस बदलून घेतला. ताई, तुम्हाला ठाऊक नाही?”

ती फडकं तसंच हातात घेऊन पाटीअलीकडे उभ्या असलेल्या त्याच्याकडे वळली. “तुमचं इथलं काम गेलं?”

“हो. पलीकडच्या भागात टाकलंय.”

“मग इथे येता कशाला?”

“आज सुट्टी असते. लिफ्टनं जावं म्हटलं.”

“कुठे?”

“ते... तुम्ही सांगाल तिथे.” तो छत्रीची मूठ चाचपत राहिला. “एक बोलू? तुम्ही मला आवडता. हे न पाहता बोलत नाहीये. खूप पाहून, थांबून बोलतोय.”

बटणांवरचं औषध मुकाट्यानं वाळत होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं, दहा मिनिटं होऊन गेली होती. मग त्याच्याकडे पाहिलं. कुठल्या वेळी खाली वाकायचं आणि फडकं पिळायचं, हे तिला एरवी नीट ठाऊक असे. आज काहीच सुचेना. शेवटी तिनं पाटी उचलली, बाजूला ठेवली आणि चावी फिरवली.

“ये आत.”

त्याला ‘ये’ ऐकू आलं. तो इतका हळू आत आला, की लिफ्टला वजनच कळू नये. सवयीनं त्यानं कोपर वर केलं. तिनं त्याचं मनगट धरलं.

“बोटानं दाब.”

“डाग पडेल.”

“पडू दे.” तिनं स्वच्छ फडकं त्याच्या दुसऱ्या हातात कोंबलं. “मग तूच पुसायचा. आणि औषध लावल्यावर थांबायचं.”

“किती?”

“आता माझ्याबरोबर आहेस ना,” ती म्हणाली, “कळेल.”

त्यानं सर्वांत वरच्या मजल्याचं बटण दाबलं. दारं मिटली.