पिवळं कार्ड

लसीकरण केंद्राच्या बाकावर तिच्या शेजारी बसलेला माणूस घामाघूम झाला होता. बाही आधीच खांद्यापर्यंत वर सारलेली, नजर समोरच्या दाराला चिकटलेली. तिला हसू आवरेना.

“सुईला घाबरता?”

“सुईला नाही… सुई धरणाऱ्याला.”

“मग सरकून बसा. मी रोज साठ-सत्तर जणांचं रक्त काढते.”

तो खरंच सरकला — पण तिच्या बाजूला.

बोलता बोलता कळलं, दोघं पूर्व आफ्रिकेतल्या एकाच देशात, एकाच गावी निघाले होते. ती तिथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये, तो सौरपंप बसवणाऱ्या कंपनीत. यलो फीवरची लस टोचून पिवळं कार्ड हाती पडल्याशिवाय कुणालाच पाऊल उचलता येणार नव्हतं. त्याचं काम त्याच दिवशी झालं. तिचं अडलं. लहानपणी अंडं खाऊन तिचा घसा सुजला होता, आणि ही लस अंड्यात वाढवतात. आधी ऍलर्जीची तपासणी करा, डॉक्टर म्हणाले.

तोवर तयारी मात्र दोघांची मिळूनच सुरू झाली. पासपोर्टच्या झेरॉक्स, मलेरियाच्या गोळ्या, तिकडच्या चौकोनी पिनांचे प्लग. फुटपाथवर उभं राहून तो तिला स्वाहिली शिकवायचा, आणि ‘पोले पोले’ म्हणजे ‘हळूहळू’, हे सांगताना तिचा हात धरून चालण्याचा वेग कमी करायचा. ‘अहो-जाहो’ कधी गळून पडलं, कळलंच नाही. पंपवाल्याचा फोन आला की आईमाघारी तिला वाढवणारी मावशी टीव्हीचा आवाज कमी करायची, आणि वर ‘मला काही ऐकू येत नाही हं’ असंही सांगायची.

एकदा बॅगांच्या दुकानात तो म्हणाला, “दोन खोल्या कशाला घ्यायच्या तिथे? लग्न करूनच जाऊ या… चालेल?”

“विचार करून सांगते,” ती म्हणाली, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत “चालेल” म्हणून मोकळी झाली.

आठवड्याने तपासणीचा निकाल आला. लस लगेच देता येणार नाही. मोठ्या इस्पितळात थोडी थोडी टोचून बघता येईल, पण तिथली तारीख तीन महिन्यांनंतरची. तिकडच्या लॅबने तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकली.

पंपवाल्याने सगळं ऐकून घेतलं. वाईट झालं, म्हणाला. त्याच्या कंपनीची पुढची तुकडी तीन महिन्यांनीच निघणार होती. हे त्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं. ती वाट बघत राहिली. त्या तुकडीचं नाव त्याने काढलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो घरी आला. बसला, पंख्याकडे बघितलं, मग म्हणाला, “ती मच्छरदाणी… आपण घेतलेली. तुझ्याकडेच आहे ना? तुला आता लागणार नाही, म्हणून म्हटलं.”

“ती डबल बेडची आहे.”

“असू दे. मोठी असली तर बरंच.”

तिने कपाटातून मच्छरदाणी काढली. दोऱ्या कुठे बांधायच्या, कडा गादीखाली कशा खोचायच्या, सगळं नीट सांगितलं. पिशवी त्याच्या हातात देताना मात्र बोटं सुटेनात.

“मला वाटलं होतं, तू पुढच्या तुकडीबरोबर जाशील.”

तो पिशवीकडे बघत राहिला. “तू तसं सांगितलं असतंस तर…”

“सांगितलं तरच राहणाऱ्या माणसाचं मी काय करू?”

त्याने पिशवी काखेत घेतली. पोचल्यावर फोन करतो, म्हणाला. कर, ती म्हणाली. जिन्यावर त्याची पावलं आली तशीच गेली, घाईघाईत.

स्वयंपाकघरातून मावशीने विचारलं, “चहा टाकते गं. तो थांबतोय ना?”

“नाही मावशी,” ती म्हणाली. “तो थांबणारा नव्हता.”