तीन हिवाळ्यांचा ओला शिक्का

भिंतीत एकही खिळा मारायचा नाही, ही चहाघर चालवणाऱ्या पांग वहिनींची अट होती. म्हणून रुआन बोच्येनने सकाळी चहाघराच्या वाशांना सुतळ्या बांधल्या आणि आपली तेवीस चित्रं टांगली. सत्तरीला टेकल्यावर आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन, तेही नदीकाठी, शेंगांच्या टरफलांत. पण गावातली जाणती माणसं इथेच बसत. त्यांनी एकदा तोंडभरून ‘चित्रकार’ म्हटलं की आपण मरायला मोकळे, असं त्याला वाटे. चाळीस वर्षं तो नुसता ‘कुआंगचा मित्र’ होता, आणि ते त्याला फार लागायचं.

चित्रकार कुआंग शूलिन तीन हिवाळ्यांपूर्वी वारला. चित्रकार गेला की त्याचा नाव कोरलेला दगडी शिक्का घासून सपाट करतात, पुढे कुणी त्याच्या नावावर काही खपवू नये म्हणून. तो मान मित्र या नात्याने रुआनला मिळाला. त्याने शिक्का घासला आणि कुआंगच्या पेटीतली बावीस चित्रं उचलून घरी आणली. त्यांवर शिक्का नव्हता. शिक्का मारला की चित्र संपतं, यांचं काम अजून बाकी आहे, असं कुआंग म्हणत असे. रुआनने ते काम एका दुपारी उरकलं. प्रत्येक चित्रावर स्वतःचा शिक्का मारला. तेविसावं, बांबूंचं, तेवढं त्याचं स्वतःचं.

नदीवरचं धुकं दुपार झाली तरी हटलं नव्हतं. दमलेला रुआन खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे वळला.

“तिथे नको,” पांग वहिनी म्हणाल्या. “झाकण दिसत नाही का?”

पेल्याचं झाकण खुर्चीवर होतं. म्हणजे बसणारा परत येणार, जागा राखायची. पेल्यातला चहा निम्मा संपला होता.

“कोण बसलंय?”

“तुमचाच माणूस ना? किडकिडीत, बोटं लाल. एकेका चित्रापुढे उभा राहत होता. मला वाटलं, मदतीला आणलाय.”

रुआनने कुणालाही आणलं नव्हतं. तेवढ्यात त्याला वास आला... हिंगुळाचा आणि एरंडेलाचा, शिक्क्याच्या ताज्या शाईचा. तो पहिल्या चित्राजवळ गेला. त्याच्या शिक्क्याखाली दुसरा शिक्का होता, कुआंगचा. दुसऱ्या चित्रावर तोच... तिसऱ्यावर तोच. त्याने बाहीने पुसायला पाहिलं, तर बाही लाल झाली आणि शिक्का तसाच राहिला. ज्या दगडावरची अक्षरं त्याने स्वतःच्या हाताने घासून टाकली होती, तीच ही अक्षरं. 

तोवर माणसं जमली. पुढे फू मास्तर होते. त्यांचा शब्द गावात शेवटचा.

“हा कुआंगचा शिक्का इथे कसा?” त्यांनी विचारलं.

खरं बोलायची हीच वेळ होती. पण रुआनची जीभ सराईतासारखी वळली. चित्रं कुआंगला आवडली होती, रुआन म्हणाला, आवडलेल्या चित्रावर रसिक मारतो तसा कुआंगनेही आपला शिक्का मारला, जिवंतपणी.

मास्तरांनी बोट लावून पाहिलं. “ओला आहे.”

“धुकं आहे ना, मास्तर.”

 एकेक चित्र पाहत मास्तर बांबूंपाशी थांबले. “एवढ्यावर मात्र नाही मारला. कुआंगची नजर पक्की होती, हे काही त्याला आवडलं नसणार.”

सगळे हसले. रुआनही हसला, ते हसू त्याला कडूजहर लागलं. त्याचं म्हणावं असं एकच चित्र होतं, आणि त्याच्याच थापेने ते मातीमोल केलं होतं.

“पण बाकीची बावीस...” मास्तरांनी आपला कोरा पंखा उघडून पुढे धरला. “अरे, आम्ही तुला ओळखलंच नाही. चित्रकार रुआन, यावर तुझा शिक्का दे.”

चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच. त्याचे डोळे भरून आले. गळ्यातल्या कापडी पिशवीतून त्याने आपला शिक्का काढला, न पाहताच शाईत बुडवला आणि पंख्यावर दाबला.

पंख्यावर लाल चौकोन उमटला. त्यात एकही अक्षर नव्हतं.

 मास्तरांनी हलकेच पंखा मिटला आणि ते एक पाऊल मागे सरले.

“रुआन... तुझा शिक्का कुणी घासला?”

रुआनने हाताकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या दहाही नखांत दगडाची पांढरी भुकटी भरली होती.