एक साईज मोठी

ती पहिल्यांदा दुकानात आली ती एक स्क्रू मागायला.

"तुमच्याकडचा सगळ्यात लहान स्क्रू द्या," ती म्हणाली. "तिकडे एक आजोबा एका दांडीचा चष्मा धरून बसलेत."

भाच्यानं तीन डबे पालथे घातले आणि सायकलच्या दुकानात मिळू शकेल असा सगळ्यात लहान स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला. चष्म्याच्या मानानं तो रेल्वेच्या पुलाचा वाटत होता. तिनं तो उजेडात धरला, उलटासुलटा पाहिला.

"हा बसवला तर आजोबांची मान एका बाजूला कलेल," ती म्हणाली आणि निघाली. निघाली खरी, पण दारापाशी टांगलेल्या निळ्या रोड बाईकपाशी तिचा पाय अडला. मग दुसऱ्या सायकलपाशी. मग तिसऱ्या... पुढचा पाऊण तास ती दुकानातच होती. आजोबा शेवटी एका दांडीनंच घरी गेले असं ऐकिवात आहे.

ही खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा भाचा चोवीस वर्षांचा होता आणि त्याला केस होते. दुकान त्याच्या मामांचं. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची, त्यामुळे अख्खी गल्ली याला भाचा म्हणायची. पोस्टमनसुद्धा. ती रस्त्यापलीकडच्या चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. मामा तिला चष्मेवाली म्हणत. वास्तविक तिला स्वतःला चष्मा नव्हता, पण मामांना असल्या किरकोळ अडचणी येत नसत.

"घ्यायची आहे का?" भाच्यानं विचारलं.

"सहा महिने घेतेच आहे." तिनं खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. ज्या कागदावर लोकांचे नंबर लिहायचे, त्याच्या मागे तिनं अकरा सायकली उतरवल्या होत्या. वजन, गिअर, ब्रेक, रंग. "बजेट मधलं आहे."

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे घेतल्यावर घरात आठवडाभर कुणी काही बोलणार नाही. आठव्या दिवशी बोलतील."

भाच्याला ते लगेच समजलं. स्वस्तातली घेणारा दहा मिनिटांत घेऊन जातो. महागातली घेणारा पाच मिनिटांत. झोप उडते ती मधल्या बजेटवाल्याची. त्याला सगळं थोडं थोडं हवं असतं आणि प्रत्येक थोड्यासाठी दुसरं थोडं सोडावं लागतं.

"ताई म्हणते, सायकल शोधतेयस की नवरा," ती म्हणाली.

"नवऱ्याला गिअर बघावे लागत नाहीत."

"एक तरी हवा ना. रिव्हर्सचा."

भाचा हसला, मग आपण दुकानदार आहोत हे आठवून गंभीर झाला. "हे बघा. ही कार्बनची दिसतेय ना, या पैशात? हिच्या नादी लागू नका. या किमतीत पूर्ण कार्बन दिलाय म्हणजे कंपनीनं दुसरीकडे हात मारलाय. चाकं उचलून बघा, जात्यासारखी आहेत. त्यापेक्षा ही निळी घ्या. फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा फॉर्क तेवढा कार्बनचा, म्हणजे रस्त्याचे हादरे हातात येत नाहीत. गिअर मधले आहेत. असू देत. गिअर पुढे बदलता येतात. चाकं बदलता येतात. सीट तर बदलावीच लागते. फ्रेम मात्र बदलता येत नाही. पैसे फ्रेममध्ये टाका."

"आमच्याकडे उलटं. लोक फ्रेमवर पैसे उधळतात आणि काचा हलक्या घेतात. मी रोज भांडते."

"म्हणजे आपलं जमणार नाही."

"फ्रेमच्या बाबतीत नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा पॅडमध्ये बघायला लागली... जरा जास्तच वेळ.

भाच्याचे कान गरम झाले. ते लपवायला तो म्हणाला, "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप. माप चुकलं तर जगातली सगळ्यात भारी सायकलसुद्धा छळवाद आहे. या, माप घेतो."

माप घेणं हे त्या दुकानातलं सर्वोच्च पद होतं. खिळ्याला एक पिवळी टेप लटकायची आणि तिला हात लावायला भाच्यानं दोन वर्षं वाट पाहिली होती. दोन वर्षं तो फक्त हवा भरत होता. टेप हातात येऊन अकरा दिवस झाले होते. देताना मामांनी नियम सांगितला होता: "माप चुकलं तर सायकल दुकान परत घेणार, आणि माप घेणारा वर्षभर पुन्हा हवा भरणार. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा असला तरी." भाचा त्यांच्या सख्ख्या बहिणीचाच मुलगा होता.

पद्धत सोपी. भिंतीला पाठ लावायची, जुनी टेलिफोन डिरेक्टरी दोन पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायची, तिच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची, माणसानं बाजूला व्हायचं, मग खुणेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. ती उभी राहिली. डिरेक्टरी धरली. मान वळवून म्हणाली, "हे असं सगळ्यांनाच करायला लावता, की..."

"सगळ्यांनाच," भाचा म्हणाला. "परवा एक न्यायाधीश उभे होते."

ती हसली. बाहेर भुरभुर चालू होती आणि तिच्या केसांत पाण्याचे बारीक थेंब अडकले होते. भाच्यानं खूण केली. तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर मामांनी तांबड्या रंगात रंगवलं होतं: 'मापाआधी पायातलं काढा.' पण भाचा त्या वेळी इतक्या वर बघत नव्हता.

आकडा लिहिला. मामांनी फोन करून त्या मापाची निळी मागवली.

संध्याकाळी झाडू मारताना भाच्याला खुणेच्या बरोब्बर खाली दोन ठसे दिसले. ओल्या बुटांचे. जाड तळाच्या बुटांचे.

तो झाडू धरून बराच वेळ उभा राहिला. मामांना आत्ता सांगितलं तर मागणी बदलता येईल. पण टेप जाईल. आणि ती... तिला काय सांगायचं? की तुमच्याकडे बघता बघता मी तुमच्या पायांतलं विसरलो? शेवटी त्यानं स्वतःची समजूत घातली की काही बुटांचे तळ बाहेरून जाड दिसतात, आतून पातळ असतात. मग ठसे पुसून टाकले.

सायकल आली. एक साईज मोठी.

पहिल्या रविवारी ती आली. "छान आहे. पण हँडल जरा लांब वाटतं." भाच्यानं सीट पुढे सरकवली. रविवारी मामा सुटीवर असत, दुकान अर्धा दिवस त्याच्या एकट्याच्या ताब्यात असायचं. तिनं कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली.

"आता बरं, की मघाशी बरं?" त्यानं विचारलं.

ती थबकली. "हे माझं वाक्य आहे. दिवसातून दोनशेदा म्हणते मी."

"मग उत्तर काय देतात लोक?"

"घाबरतात. परीक्षा असल्यासारखे. ...आता बरं."

दुसऱ्या रविवारी तळहात बधिर होतात म्हणाली. त्यानं हँडलची पकड वर फिरवली. तिसऱ्या रविवारी मान. त्यानं हँडलचा दांडा काढून आखूड बसवला. चौथ्या रविवारी ती दोन कप चहा घेऊन आली आणि तक्रार शेवटी, जाता जाता, आठवल्यासारखी केली. पाचव्या रविवारी गप्पांत तक्रार राहूनच गेली आणि ती कोपऱ्यावरून परत आली: "अहो, खांदे दुखतात ते सांगायचं राहिलं."

आठवड्याचे उरलेले सहा दिवस भाचा रस्त्यापलीकडे बघत हवा भरायचा. एका गिऱ्हाइकाचा टायर त्यामुळे फुटला.

सहाव्या रविवारी बदलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सीट पार पुढे होती, दांडा होता नव्हता इतका आखूड होता. भाच्यानं पाना लावला, स्क्रू अर्धा फेरा सैल केला, अर्धा फेरा घट्ट केला, आणि घाम पुसला.

"आता बरं, की मघाशी बरं?"

ती चक्कर मारून आली. त्याच्याकडे पाहिलं. "आता बरं."

भाच्याच्या छातीत काहीतरी फुललं आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्याला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"पुढच्या रविवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "दीपगृहावर जातेय. जाऊन येऊन शंभर किलोमीटर."

"एकट्या?"

"लहानपणी आमच्या गच्चीवरून त्याचा दिवा दिसायचा. बाबा म्हणायचे, पुढच्या रविवारी तुला सायकलवरून नेतो. अजून म्हणतात. सत्तरीला आले." तिनं निळ्या दांडीवरून हात फिरवला. "म्हटलं, आपणच जावं. सायकल त्यासाठीच तर घेतली."

त्या आठवड्यात भाच्याला अन्न गोड लागेना. कोपऱ्यापर्यंतची चक्कर वेगळी आणि शंभर किलोमीटर वेगळे. एक साईज मोठ्या सायकलवर साठाव्या किलोमीटरला तिची मान धरेल, ऐंशीव्याला हातात ब्रेक दाबायचंही बळ राहणार नाही... आणि परतीला उतार होता. सांगितलं तर टेप जाणार, वर्षाची हवा, आणि रविवार संपणार. नाही सांगितलं तर...

शनिवारी दुपारी त्यानं रस्ता ओलांडला.

"बसा," ती म्हणाली. तो काही बोलायच्या आत त्याच्या नाकावर ती चाचणीची फ्रेम चढली, गोल, जड, दोन्ही बाजूंना चकत्या असलेली. ती घातली की पंतप्रधानसुद्धा केविलवाणा दिसेल. तिनं एक भिंग सरकवलं. "समोर बघा. पहिलं बरं, की... हे दुसरं?"

"सायकल एक साईज मोठी आहे," भाचा म्हणाला.

"ते नाही विचारलं मी."

"बूट काढायला सांगायचं विसरलो मी. पहिल्याच दिवशी संध्याकाळी कळलं. तरी गप्प बसलो. तुमची मान, खांदे, हात, सगळं माझ्यामुळे. उद्या त्या सायकलवर जाऊ नका."

समोरच्या पाटीवरची अक्षरं ओळीओळीनं लहान होत गेली होती आणि भाच्याचंही तेच होत होतं.  मग मागे एक भिंग डब्यात ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्या डोक्यावर लिहिलं होतं की," ती म्हणाली. "मापाआधी पायातलं काढा. मी आत शिरतानाच वाचलं होतं. मला सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचता येते."

"मग?"

"...मोजा फाटला होता."

"काय?"

"डाव्या पायाचा. अंगठा अख्खा बाहेर. तुमच्यासमोर कशी काढणार बूट?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हटलं एवढ्यानं काय फरक पडतोय. नंतर मान दुखायला लागली तेव्हा कळलं काय फरक पडतोय ते. पण सांगायचं कसं? आणि सांगितलं असतं तर... रविवारी यायला कारण काय उरलं असतं?"

भाचा वळून बघायला गेला. नाकावरच्या भिंगातून त्याला ती दोन-दोन दिसली आणि एकीचीही नजर वर नव्हती.

"मागच्या रविवारी तुम्ही काहीच बदललं नव्हतंत," ती म्हणाली. "फिरवलंत आणि परत तिथेच आणलंत. माझा धंदाच बघायचा आहे."

"मग 'आता बरं' का म्हणालात?"

"वाटत होतं," ती म्हणाली.

मामांनी दोघांना समोर उभं करून सगळं ऐकून घेतलं. मोज्याच्या ठिकाणी त्यांनी डोळे मिटले. मग खिळ्यावरची टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि भाच्याच्या हातात पंप दिला. "वर्षभर," ते म्हणाले. चष्मेवालीसाठी नवी सायकल मागवली, बरोबर मापाची. या खेपेला तिनं बूट काढले. मोजे कोरे होते, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती.

"आणि ही मोठी कुणाच्या गळ्यात मारायची?" मामा म्हणाले. निळी सायकल भिंतीला टेकून उभी होती. शेजारी भाचा उभा होता. मामांनी एकदा सायकलकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे. "माप घ्यायचीसुद्धा गरज नाही," ते म्हणाले.

दीपगृहावर दोघं गेले ते तीन आठवड्यांनी, पहाटे निघून. वाटेत वारा तोंडावर होता, म्हणून भाचा पुढे राहिला; मग तोच दमला, म्हणून ती पुढे झाली. शेवटी समुद्र दिसला. दीपगृहाच्या दाराला भलं मोठं कुलूप होतं. शेजारी पाटी: 'रविवारी बंद.'

ती पाटी तिनं दोनदा वाचली. मग पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बिचारे बाबा," ती म्हणाली. "वीस वर्षं."

भाचा शेजारी बसला. दोन्ही सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या, एक मोठी, एक लहान. मग तो म्हणाला, "परत यायला लागेल. वार बघून."

"पुढच्या सोमवारी," ती म्हणाली. आणि मग, समुद्राकडे बघत... "येशील ना तू?"

'तू' तिनं अगदी सहज म्हटलं. उत्तर म्हणून त्यानं तिची पाण्याची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि परत तिच्या हातात दिली. तिथून पुढे त्या बाटलीत तुझं-माझं राहिलं नाही.

मामांनी भिंतीवर एक ओळ वाढवली होती: 'मोजे कसेही असोत, आम्ही बघत नाही.' ती अजून आहे. त्याखाली पेन्सिलीची खूणही आहे. दोनदा रंग दिला दुकानाला, दोन्हीदा तेवढी जागा सोडून. टेप आता पुन्हा भाच्याकडे आहे, पण हल्ली त्याला तिच्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत. म्हणून मागच्या आठवड्यात त्यानं रस्ता ओलांडला. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तीच जड फ्रेम चढवली, मागे उभी राहिली. भिंगं किणकिणली.

"आता बरं, की मघाशी बरं?"

भाच्यानं समोरच्या पाटीकडे पाहिलं. बराच विचार केला.

"आता बरं."

"काही बदललंच नाही मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग बरं का म्हणालास?"

"वाटत होतं," भाचा म्हणाला.