भिंगरी आणि मधली खोली

रविवारी सकाळच्या एस.टी.नं मालविका लातूरला गेली, ती मांजरीच्या पिलाला डॉक्टरांना दाखवायला. माहेर नांदेडचं, रेणापूरच्या शाळेवर बदली होऊन चारच महिने झाले होते आणि घरमालक वैजनाथच्या घरात ती दोन खोल्या घेऊन राहत होती. पिलू शाळेच्या हौदामागं सापडलेलं. चालायला लागलं की मागचे पाय एकीकडं, मान दुसरीकडं, आणि चार पावलांत धपकन आडवं. म्हणून नाव भिंगरी.

डॉक्टरांनी नीट तपासलं. "हिचा लहान मेंदू जन्मतःच पुरता वाढलेला नाही. तोल तोच सांभाळतो. औषध नाही, पण हिला दुखत नाही आणि हा त्रास वाढणारही नाही. फरशीवर काही खरबरीत अंथरा. भरपूर जगेल."

घरी येऊन तिनं शहाबादी फरशीवर पोती अंथरली, तर दारात वैजनाथ उभा.

"बाई, ते लागीर झालेलं पिल्लू हाय. आमच्या घरात असलं चालत न्हाई. नदीला सोडून येतो."

"लागीर नाही, मेंदूचं व्यंग आहे. आणि तिला हात लावायचा नाही."

वैजनाथ पुटपुटत गेला. पण तो ‘असलं’ शब्द तिच्या कानातून जाईना. साधं पडतं-उठतं पिलू, त्याचा कुणाला काय त्रास?

दुपारी लाइट गेली. पंखा थांबला तशी सगळी गल्ली चिडीचूप झाली. तिच्या खोलीतून मधल्या खोलीत उघडणारं एक दार होतं, कायम कुलूपबंद. आत अडगळ आहे, असं वैजनाथनं सांगितलं होतं.

त्या दारामागं आवाज झाला. एक पाऊल. मग फरफट. मग... धप.

भिंगरीनं कान टवकारले आणि ती दाराकडं निघाली. पडली. आतही काहीतरी पडलं. ती सावरून उठली. आतही कुणीतरी भिंत धरून उठल्यासारखं खरखरलं. दाराच्या फटीतून वास आला, ओल्या गोधडीचा, कोंडलेल्या अंगाचा. मालविका घाबरून दोन पावलं मागं सरली.

"तुमालाबी आलं का ऐकू..."

मागं वैजनाथची बायको गुणाबाई उभी होती. हातात किल्ली.

"आत कोण आहे, गुणाबाई?"

"आता कोण न्हाई..." ती दबक्या आवाजात बोलू लागली. "ह्यांची धाकटी बहीण होती, आरती. ती अशीच चालायची, झोकांड्या खात. लोक हसतेत म्हणून ह्यांनी आत ठेवली. मी ताट सरकवायची..."

"डॉक्टरला दाखवलं होतं?"

"न्हाई."

"किती वर्षं होती आत?"

"सोळा. तिथंच गेली."

मालविकेची भीती कुठल्या कुठं गेली. उरला तो संताप. तिनं किल्ली हिसकावून घेतली आणि कुलूप काढलं.

खोली रिकामी. अडगळ नाही, काही नाही. फक्त चारी भिंतींवर कमरेच्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा. सोळा वर्षं तळहात टेकून टेकून पडलेला.

"दार लावा!" बाहेरच्या उंबऱ्यावरून वैजनाथ ओरडला. "बाई, आधी ते दार लावा..."

"नाही लावणार. तुमची बहीण होती ती. तुम्ही या इकडं आणि बघा."

तो आला नाही. भिंगरी मधल्या खोलीच्या दाराशी थांबली, कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरली. तिच्याजवळून, अंथरलेल्या पोत्यांवरून, एक पाऊल गेलं. मग फरफट. पोतं दबलेलं दिसत होतं, वर कुणी नव्हतं.

"मालक... हलू नका..." गुणाबाईनं डोक्यावर पदर घेतला. "तुमच्याकडंच यायलीय ती..."

आवाज उंबऱ्यापाशी थांबला. वैजनाथ जागीच खिळला. आणि त्याच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीला, कोपराच्या वर, हळूहळू चुण्या पडल्या, आधारासाठी कुणी घट्ट मूठ आवळावी तशा. तो हात झटकत राहिला. चुण्या सुटेनात.