काचेपलीकडचा हात

डब्याच्या झाकणाला आतून दोन डोळे चिकटवलेले होते. कुठल्याशा गुळगुळीत मासिकातून कापलेले, बाईचे की पुरुषाचे कळू नये असे, पण रोखून पाहणारे. विभागप्रमुखांनी झाकण वहिनींसमोर धरलं आणि वहिनींच्या आधी भाऊजींनीच मान पुढे काढली.

वहिनींचा खाजगी तपासाचा व्यवसाय होता. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, हौसेने बरोबर फिरायचे. वहिनींचं नाव झालंय याचा आपल्याला अभिमान आहे, असं ते चारचौघांत सांगत. प्रत्यक्षात एकदा तरी गुन्हेगार आपण आधी ओळखावा म्हणून त्यांचा जीव तळमळे, आणि ते अजून जमलं नव्हतं.

माणूस निर्णय कसे घेतो याचा अभ्यास करणारी ही विद्यापीठाची प्रयोगशाळा. विभागप्रमुखांनी प्रयोग समजावून सांगितला. एका माणसाला खोलीत एकटं पाठवायचं. डब्यात दोन चॉकलेटं, एक मोठं, एक लहान. एक घ्यायचं, दुसरं पुढच्या अनोळखी माणसासाठी ठेवायचं. भिंतीतल्या आरशामागून आत बघता येतं, पण त्यावर पडदा ओढलेला, त्यामुळे बघायला कुणी नाही. तरीही बहुतेक जण मोठं चॉकलेट मागे ठेवतात, असं एका विद्यार्थिनीने दाखवून दिलं होतं. ती सतत गुणगुणत असे, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

पंचाईत अशी की चिमणीच्या मार्गदर्शक मॅडमनी आयुष्यभर नेमकं उलटं लिहिलं होतं. कुणी बघत नसेल तर माणूस मोठंच उचलतो, या एका वाक्यावर त्यांचं नाव उभं होतं. यंदा परदेशातल्या परिषदेचं बोलावणं मॅडमऐवजी चिमणीला आलं. परिषदेने फेरप्रयोग मागितला. तो काल दुपारी झाला आणि निकाल पुन्हा तोच आला.

"आज सकाळी हे डोळे सापडले," विभागप्रमुख म्हणाले. "डोळ्यांचं नुसतं चित्र समोर असलं तरी माणूस शहाण्यासारखा वागतो. म्हणजे सगळा निकाल खोटा. दर वेळी डबा चिमणीच भरते, तेव्हा तिला माहीत नसणं शक्य नाही. शिवाय काल फेरप्रयोगाच्या फेरीआधी तिला हे चिकटवताना खुद्द मॅडमनी पाहिलंय. मॅडमनी पाहिल्याचं तिला अजून कळू दिलेलं नाही. संध्याकाळी चौकशी समिती बसतेय. तिचं नाव कमी झालं तर दुसरं कुठलंही विद्यापीठ तिला दारातही उभं करणार नाही."

सकाळी डबा उघडणारा, प्रयोगशाळेच्या चाव्या सांभाळणारा विद्यार्थी वर्षानुवर्षं एकच प्रबंध लिहीत होता. केस पिकायला लागले होते, त्यामुळे त्याला सगळे सीनियर म्हणत. त्याने त्यांना आरशामागची निरीक्षणाची खोली दाखवली. दाराबाहेरच दिव्याचं बटण होतं आणि त्याने ते सवयीने बंद केलं. आत भाऊजींचा गुडघा खुर्चीवर आपटला. समोर काचेतून प्रयोगाची उजळलेली खोली स्वच्छ दिसत होती. तिथे शिपाई खोकला आणि तो खोकला भिंतीवरच्या स्पीकरमधून आला. स्पीकर कायम चालू असतो, असं सीनियर म्हणाला.

चिमणीबद्दल विचारल्यावर त्याने सरळ कबुली दिली. "पाण्यात पाहतो मी तिला. ती आली आणि मला कुणी विचारेनासं झालं. पण काल दुपारी ती हिरमुसून कॉरिडॉरमधून जात होती, तेव्हा मला वाईट वाटलं होतं."

"गुन्हेगार मिळाला," भाऊजी जिन्यात पुटपुटले. "चाव्या याच्याकडे, पोटदुखी याच्याकडे, आणि डोळे सापडले तेही यालाच."

"मग मॅडमनी पाहिलं ते काय?" वहिनींनी विचारलं.

मॅडम शांत होत्या, थोड्या दमलेल्या. बोलताना त्यांनी एकदाही चिमणीचं नाव घेतलं नाही, ती मुलगी एवढंच म्हणत राहिल्या. फेरीआधी त्या काचेमागच्या खोलीत टेबलावरचा दिवा लावून पेपर तपासत बसल्या होत्या. प्रयोग सुरू नव्हता, पडदा बाजूला होता. सहज वर पाहिलं तर ती मुलगी डब्याच्या झाकणाला काहीतरी चिकटवत होती. "तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलीसारखी वाढवली होती तिला," त्या म्हणाल्या. भाऊजींना त्यांची फार कणव आली.

चिमणीचे डोळे रडून सुजले होते. फेरीआधी प्रयोगाच्या खोलीत गेली होतीस का, असं विचारल्यावर ती लगेच हो म्हणाली. पाण्याची बाटली विसरली होती.

"दिवा लावलास?"

"कशाला? बाटली दाराजवळच होती. काचेपलीकडे मॅडम बसल्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. मासिकातलं काहीतरी कापत होत्या. बातम्या कापून ठेवायची सवय आहे त्यांना. मी हात केला, पण त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं." तिने नाक पुसलं. "परिषदेचं पत्र आल्यापासून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. मला जायचं नाही म्हणून सांगणार होते मी त्यांना."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, मॅडमनीही तिला पाहिलं आणि तीही गेल्याचं कबूल करते, मग प्रकरण मिटलंच. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं भाऊजींच्या ओळखीचं होतं आणि मनापासून नावडीचं.

समितीच्या आधी वहिनींनी सगळ्यांना काचेमागच्या खोलीत बोलावलं. मॅडमना कालच्याच जागी बसवलं, टेबलावरचा दिवा लावला आणि चिमणीला पलीकडे पाठवलं. तिला दिवा लावू नकोस म्हणून बजावलं होतं.

स्पीकरमधून पावलं ऐकू आली.

"मॅडम, ती काय करतेय सांगा," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी काचेकडे पाहिलं. काचेत टेबल होतं, दिवा होता आणि त्यांचा स्वतःचा चेहरा होता. भाऊजींनाही आपलं टक्कल तेवढं दिसलं.

"ही काच उजेडाकडून अंधाराकडे बघू देत नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर इथला दिवा बंद करायची सगळ्यांना सवय. काल तुम्ही दिवा लावून बसलात, पलीकडे अंधार होता. चिमणी आल्याचं तुम्हाला स्पीकरवरच्या गुणगुणण्यावरून कळलं. तुम्ही तिला ऐकलंत, पाहिलं नाहीत. तिने मात्र तुम्हाला पाहिलं. चष्मा दिसला, कात्री दिसली, मासिकही दिसलं. तुम्ही सांगितलेले पेपर मात्र तिला दिसलेच नाहीत. दिवा न लावणाऱ्या मुलीला हे दिसलं, म्हणजे त्या वेळी तुम्हाला ती दिसणं शक्य नव्हतं."

"सीनियरने..." भाऊजींनी शेवटचा प्रयत्न केला.

"सीनियरने आपला मत्सर पहिल्याच दमात सांगून टाकला, भाऊजी. इतकी वर्षं या काचेमागे बसून दुसऱ्यांना पाहणाऱ्या माणसाला एकच गोष्ट सुचत नाही, की आपणही दिसू शकतो. ही चूक मॅडमनी केली."

मग मॅडमनी चष्मा काढला.

"निकाल उलटा आला असता, तर ते डोळे माझ्या पर्समध्येच राहिले असते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. पुन्हा तिचंच खरं ठरलं. सगळे गेल्यावर चिकटवले. मी जन्मभर माणसाला हावरट म्हणत आले आणि ही पोर हसत हसत म्हणते, तसं नाहीये मॅडम. मला ते सहन झालं नाही."

चिमणी दारात येऊन उभी होती. तिने सगळं स्पीकरशिवायच ऐकलं होतं. आपलं नाव राहिलं, पदवी वाचली, यातलं काहीच तिच्या तोंडी आलं नाही.

"म्हणजे काल मी हात केला, तेव्हा तुम्हाला मी दिसलेच नव्हते?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"दिसले असते तर?"

"तर मीही हात केला असता," मॅडम म्हणाल्या. "आणि मग कदाचित कापलं नसतं." त्या उठल्या आणि विभागप्रमुखांबरोबर समितीच्या खोलीकडे चालू लागल्या. चिमणी खुर्चीत बसून मोठ्याने रडली, आणि सीनियरने तिला तिची पाण्याची बाटली आणून दिली.

निघताना भाऊजी विसरलेली छत्री घ्यायला प्रयोगाच्या खोलीत एकटेच गेले. टेबलावर डबा उघडा होता. डोळे काढून टाकले होते, चॉकलेटं तशीच होती. याही वेळी वहिनींनी बाजी मारली होती आणि त्यांच्या मनात चांगलंच खुपत होतं. निदान मोठं चॉकलेट तरी आपलं, म्हणून त्यांनी हात पुढे केला. मग आरशाकडे पाहिलं. पडदा बाजूला होता. पलीकडे कुणी असलंच तर इथून कळणार नव्हतं.

त्यांनी स्वतःसाठी लहान चॉकलेट उचललं. मोठं डब्यातून काढून रुमालात गुंडाळलं आणि गाडीत बसल्यावर वहिनींच्या हातात ठेवलं.

"हे कशाबद्दल?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. खा," भाऊजी म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.