एकशे एकतीसची गुहा

मैथिलीच्या पायाखालची जमीन खरोखरच नाहीशी झाली. काळोख्या गुहेत ती खाली, खाली, नुसती खालीच पडत राहिली. तळ काही येईना. कोणीतरी डोळ्यांवरचा खेळचष्मा काढला आणि मुलाखतीची खोली पुन्हा दिसली, तेव्हा तिचे दात वाजत होते.

सन २०७१ मधली ही गोष्ट. भुलभुलैया या बड्या व्हिडिओगेम कंपनीला सुट्टीपुरता एक बालपरीक्षक (नवा खेळ आधी खेळून त्यातल्या चुका शोधणारा) हवा होता. जागा एकच, आणि बारा वर्षांच्या मैथिलीला ती जिवापाड हवी होती. मुलाखत घेत होते बंडोपंत, कंपनीतले सर्वांत जुने यंत्रमानव.

"पडलीस ना?" बंडोपंतांनी विचारलं. "तुझ्याआधी सातजण असेच पडले. पण मी खेळून बघावं, तर जमीन घट्ट! चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही, तर दुरुस्त कशी करणार? सोमवारी हा खेळ लाखो मुलांच्या हातात जाईल गं."

"पण दर वेळी गुहा वेगळी का असते?"

"संगणक फासे टाकतो म्हणून. पण त्याचे फासे लबाड असतात. सात घे. तीनने गुण आणि फक्त एककाचा अंक ठेव. त्याला पुन्हा तीनने गुण."

मैथिलीने बोटांवर हिशेब केला. "एक... तीन... नऊ... अय्या, परत सात!"

"आता दोनपासून."

"सहा, आठ, चार, दोन."

"आकडे कसेही पडल्यासारखे वाटतात, पण सुरुवात तीच असेल तर रांगही तीच. त्या पहिल्या आकड्याला बीजसंख्या म्हणतात (जिच्यापासून पुढचे सगळे आकडे निघतात ती). आमची गणितं मोठी, पण तत्त्व हेच. बीज तेच, तर गुहाही तीच."

"मग ह्या गुहेचं बीज कोणतं?"

"खेळ सुरू करताना तुमच्या हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके. मनगटावरचा पट्टा ते दाखवतो, पण साठवायला कायद्याने बंदी आहे. म्हणून मी ते तुम्हाला अर्जावर लिहायला सांगतो. सातही जणांनी बहात्तर लिहिलं. तूही. आणि बहात्तर भरून मी खेळलो, तर जमीन घट्टच."

पट्ट्यावरचा आकडा मैथिलीने नीट पाहिला होता. पण घाबरट पोरीला काम कोण देणार? आता खरं सांगावं तर जागा गेली. आणि गप्प बसावं तर? तो बिनतळाचा काळोख पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"काका, मी खोटं लिहिलं," ती रडवेली होऊन म्हणाली. "एकशे एकतीस होते. मी फार घाबरले होते."

बंडोपंतांनी १३१ हा आकडा भरला आणि चष्मा पुढे केला. "दाखव."

पहिलं वळण तेच. दुसऱ्या वळणावर तीच वटवाघळं. तिसऱ्याला तिचे पाय उचलेनात. समोर जमीन तर दिसत होती! तिने डोळे मिटून पाऊल टाकलं.

"तिसरं वळण, डावीकडे!" पडता पडता ती किंचाळली.

चष्मा निघाला. "सापडली!" बंडोपंत म्हणाले. "सगळे बहात्तर लिहितात, म्हणून आम्ही शांत मुलांच्याच गुहा तपासत बसलो. चूक आमचीही आहे. सोमवार आता पुढे ढकलायचा." त्यांनी एक नवा कागद सरकवला. वर लिहिलं होतं, 'बालपरीक्षक: मैथिली'. "घाबरलेल्या मुलांच्या पुष्कळ गुहा बाकी आहेत. सुरुवातीचे ठोके?"

मैथिलीने पट्ट्याकडे पाहिलं. भीती गेली नव्हतीच. तिने १३८ लिहिलं आणि चष्मा स्वतःच्या हाताने डोळ्यांवर ओढला.